तारेवरून स्वर्ग

नमस्कार मंडळी.

सुरुवात वानखेडेपासून करतो. विषयाच्या पाटीवर 'बेसबॉल' वाचून मागच्या दोन रांगांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलेलं मला इथून दिसलं.

सत्तरच्या दशकात मामाचं बोट धरून मी पहिला कसोटी सामना बघायला गेलो. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते. मांडीवर डबा, डोक्यावर चार गाठी मारलेला रुमाल आणि उजव्या कानाला घट्ट दाबून धरलेला ट्रान्झिस्टर. डोळे मैदानावर, कान आकाशवाणीवर. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, समोर तर दिसतंय की सगळं!" त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "दिसतंय रे. पण काय झालं ते हा सांगतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात तसंच राहिलं. मग बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की अमेरिकेत हेच चाललं होतं. १९५८ साली ब्रुकलिनचा डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथलं कोलिझियम मैदान बेसबॉलसाठी बांधलेलंच नव्हतं. लोक इतके लांब बसत की चेंडूचा पत्ता लागायचा नाही. मग मंडळी खिशात ट्रान्झिस्टर घालून येऊ लागली. हजारो ट्रान्झिस्टरमधून विन स्कली या समालोचकाचा आवाज एकदम यायचा आणि सबंध मैदानभर ऐकू जायचा.

पण स्कली हा पुढच्या पिढीचा. आज मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांबद्दल आणि त्या काळात माइकसमोर बसलेल्या माणसांबद्दल. ह्या सगळ्या मंडळींपुढे एकच पेच होता आणि तो आपल्याला परका नाही. समालोचकानं बातमीदार व्हायचं की कीर्तनकार? घडलं तेवढंच सांगायचं, की आख्यान रंगवायचं?

पहिला माणूस हॅरल्ड आर्लिन. पिट्सबर्गमधल्या वेस्टिंगहाउस कारखान्यात तो फोरमन होता, वय पंचविशीचं. वेस्टिंगहाउसला रेडिओ संच विकायचे होते. पण ऐकायलाच काही नसेल तर संच घेणार कोण? म्हणून कंपनीनं केडीकेए हे केंद्र काढलं आणि २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून त्याचा नारळ फोडला. आर्लिन दिवसा कारखान्यात, संध्याकाळी केंद्रावर. ५ ऑगस्ट १९२१ रोजी तो फोर्ब्ज फील्डवर पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फिलीज हा सामना बघायला गेला. फरक इतकाच की हातात टेलिफोनचं यंत्र मोडून केलेला माइक होता. होम प्लेटच्या मागे, म्हणजे आपल्या भाषेत यष्टिरक्षकाच्या पाठीमागे म्हणा, तिकिटाच्या खुर्चीवर बसून त्यानं जे दिसलं ते सांगितलं. पायरेट्स ८-५ नं जिंकले. रेडिओवरून सांगितलेला हा पहिला मोठा बेसबॉल सामना.

त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवणार कोण? दोन चेंडूंच्या मधल्या वेळात काय बोलायचं हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. कधी यंत्र चाले, कधी बसे. कधी प्रेक्षकांनी आरडाओरडा केला की ह्याचा आवाज बुडून जाई. पलीकडे कुणी ऐकतंय की आपण नुसतेच हवेत बोलतोय, हेही त्याला ठाऊक नसे. बेसबॉल झाला, लगोलग त्यानं डेव्हिस कपचं टेनिसही सांगितलं आणि त्याच पावसाळ्यानंतर, त्यांच्याकडे पानगळीत, अमेरिकन फुटबॉल. चार वर्षांनी नोकरीत बदली होऊन तो ओहायोला गेला आणि माइक सुटला. १९७२ साली त्याचा नातू स्टीव्ह आर्लिन सॅन डिएगोच्या संघातून पिट्सबर्गला खेळायला आला, तेव्हा या म्हाताऱ्याला पुन्हा माइकसमोर बसवलं आणि नातवाच्या खेळाचं थोडं समालोचन त्याच्याकडून करवून घेतलं.

ह्या आर्लिनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेब रूथ एकदा केंद्रावर भाषण करायला आला. रूथ म्हणजे त्या काळातला देव. भाषण आर्लिननंच लिहून ठेवलं होतं. हजारो माणसांसमोर चेंडू टोलवणारा हा धिप्पाड गडी माइक बघून गार पडला. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी आर्लिननं कागद ओढून घेतला आणि स्वतःच बेब रूथ होऊन भाषण वाचून टाकलं. खरा रूथ भिंतीला टेकून सिगारेट ओढत उभा. पुढच्या दिवसांत केंद्रावर पत्रं आली, बेब रूथचा आवाज काय सुंदर आहे म्हणून!

पहिल्याच समालोचकाच्या हातून हे झालं, हे लक्षात ठेवा.

१९२१ च्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाच्या शेवटची अजिंक्यपदाची मालिका, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर होती. शेजारच्या न्यूअर्कमध्ये डब्ल्यूजेझेड नावाचं केंद्र नुकतंच उघडलेलं. केंद्र म्हणजे काय, कारखान्याच्या गच्चीवरची खोली. तिथे टॉमी कोवान हा माणूस कानाला फोन लावून बसला. मैदानावरून एक वार्ताहर फोनवर सांगायचा आणि कोवान तेच माइकमध्ये पुन्हा म्हणायचा. सामन्यातला एकही चेंडू त्यानं पाहिला नाही. म्हणजे रेडिओ जन्मून वर्षही झालं नव्हतं, आणि दोन वाटा फुटल्या होत्या: बघून सांगणारा आणि ऐकून सांगणारा.

मग आला ग्रॅहम मॅकनॅमी. हा गायक, बॅरिटोन आवाजाचा. १९२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्युरीच्या कामासाठी त्याला बोलावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून तो डब्ल्यूईएएफ केंद्रात डोकावला, आवाजाची चाचणी दिली आणि नोकरी लागली. त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरीजला माइकवर मगीहन नावाचे मोठे क्रीडापत्रकार होते. त्यांचा खेळाचा अभ्यास दांडगा, पण बोलणं कंटाळवाणं, आणि त्यांनाही ते काम आवडेना. मालिका अर्ध्यात सोडून ते उठले आणि मदतनीस मॅकनॅमीच्या हाती माइक आला.

मॅकनॅमीला बेसबॉल बेताचाच कळे. कितीदा चुकायचा. पण तो टोप्या सांगायचा, ऊन सांगायचा, कोण बडी असामी कुठे बसलीय, पिचरनं, म्हणजे त्यांच्या गोलंदाजानं, कपाळावरचा घाम कसा निपटला, सगळं सांगायचा. कीर्तनकार! १९२५ च्या मालिकेनंतर त्याला पन्नास हजार पत्रं आली. पत्रकार मात्र वैतागले. रिंग लार्डनर हा विनोदी लेखक त्याच्या शेजारी बसून सामना बघत होता. त्यानं लिहिलं त्याचा आशय असा: आज दोन सामने झाले, एक मी पाहिला तो आणि एक मॅकनॅमीनं सांगितला तो, कुठल्याबद्दल लिहू ते कळत नाही.

हसू येतं, पण त्या पन्नास हजारांचं काय? त्यांच्यापर्यंत दुसराच सामना पोचला होता आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

आता थोडं पैशाचं बोलू. संघमालकांना रेडिओची भीती वाटायची. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढेल? शिकागोत डब्ल्यूएमएक्यू केंद्र ज्युडिथ वॉलर ही बाई चालवत होती. १९२४ साली तिनं कब्ज संघाचे मालक रिग्ली यांना पटवलं आणि हॅल टॉटन रोजच्या रोज घरच्या मैदानावरचे सामने सांगू लागला. रिग्ली हे च्युइंगमवाले. जाहिरात म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ज्याला प्रसारण करायचंय त्यानं यावं, असं धोरण त्यांनी ठेवलं. खेड्यापाड्यांतली माणसं आधी ऐकू लागली, मग रविवारी गाडी पकडून मैदानावर येऊ लागली. १९२९ साली कब्जच्या मैदानावर १४ लाख ८५ हजार प्रेक्षक आले. त्या वर्षी संघही जोरात होता, हेही सांगायला हवं.

न्यूयॉर्कच्या तीन संघांना हे पटलं नाही. त्यांनी आपसांत करार करून १९३४ पासून पाच वर्षं आपल्या मैदानांवर रेडिओला बंदी घातली. आणि पिट्सबर्गला तर धमालच झाली. केक्यूव्ही नावाच्या केंद्राला परवानगी नव्हती, तर त्यांनी फोर्ब्ज फील्डच्या कुंपणापलीकडे उंचावर आपली माणसं बसवली आणि तिथून बघून बातम्या द्यायला सुरुवात केली. प्रकरण कोर्टात गेलं. १९३८ साली न्यायालयानं सांगितलं की खेळाच्या बातमीवर पहिला हक्क खेळ भरवणाऱ्या क्लबचा. मला त्या उंचावर बसलेल्या माणसांचं फार कौतुक वाटतं. झाडावर चढून सामना बघणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. पण ते आपले स्वतःपुरते चढतात.

घोटभर पाणी घेतो. पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे.

संघ दुसऱ्या गावी खेळायला गेला की तिथून टेलिफोनची लाइन घेणं महाग पडे. तार स्वस्त. म्हणून काय करायचे, तर मैदानावर वेस्टर्न युनियनचा तारवाला बसायचा आणि चेंडूगणिक कट्ट-कडकट्ट करत संकेत पाठवायचा. शेकडो किलोमीटरवरच्या स्टुडिओत दुसरा तारवाला ते ऐकून चिठोऱ्यावर टंकायचा आणि समालोचकापुढे सरकवायचा. चिठ्ठीवर काय, तर 'एस १ सी'. म्हणजे पहिला स्ट्राइक, बॅटरनं बॅट न फिरवता वाया घालवलेला चेंडू. 'बी १ एल' म्हणजे पहिला बॉल, नेम चुकून खालून गेलेला. बस्स. एवढ्या तीन अक्षरांवरून बंद खोलीतल्या माणसानं सांगायचं: "पिचरनं टोपी सारखी केली, कॅचरकडे पाहिलं, मान हलवली, आता हात मागे घेतोय... आणि चेंडू आत! बॅटर नुसता बघत राहिला!"

आपण म्हणतो सुतावरून स्वर्ग गाठला. ही माणसं तारेवरून गाठत. शेजारी लाकडाचा तुकडा टांगलेला, त्यावर काठीनं टोला मारला की बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज. गर्दीच्या गलक्याची तबकडी तयारच. संजयाचं उदाहरण तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण संजयाला निदान दिव्यदृष्टी दिली होती हो, ह्यांच्याजवळ एक चिठोरा!

आयोवा राज्यात डे मॉइन गावी डब्ल्यूएचओ केंद्रावर ह्या कामाला एक देखणा तरुण होता. शिकागोहून पाचेकशे किलोमीटर लांब बसून तो कब्जचे सामने 'बघून' सांगायचा. त्याचं टोपणनाव डच. पुढे १९३७ साली कब्जच्या सरावाचं वृत्त द्यायला म्हणून तो कॅलिफोर्नियात गेला, तिथे एका स्टुडिओत पडद्यावरची चाचणी देऊन बसला, नट झाला आणि अखेर अमेरिकेचा अध्यक्ष. रॉनल्ड रेगन.

रेगन जन्मभर एक किस्सा सांगायचा. कब्ज विरुद्ध सेंट लुईस कार्डिनल्स, शेवटचा डाव, बरोबरी, पिचर डिझी डीन. रेगननं डीनला चेंडू टाकायला लावला आणि तेवढ्यात काचेपलीकडून चिठ्ठी आली: तार तुटली. आता काय? खरं सांगावं आणि संगीत लावावं, तर दुसऱ्या केंद्रांवरही हाच सामना चालू. श्रोते तिकडे पळणार. डीननं टाकलेला चेंडू तर हवेत लोंबकळतोय.

इथे बेसबॉलचा एक नियम सांगतो, एकच. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. बॅट लागून चेंडू रेषेबाहेर गेला तर तो फाउल. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात, पण त्यापुढे कितीही फाउल मारा, मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या धावफलकात त्यांचा मागमूस नसतो. खोटं बोलायला सबंध खेळात एवढीच एक जागा, जिथे पुरावा मागे राहत नाही! रेगननं ती बरोबर हेरली. त्यानं बॅटरला फाउल मारायला लावले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक स्टँडमध्ये. तो झेलायला धावलेल्या लाल केसांच्या पोराचं वर्णन केलं. एक तर अगदी थोडक्यात होम रन, म्हणजे आपला षटकार, हुकला. पावणेसात मिनिटं हे चाललं. त्याला घाम फुटला. मग तारवाला पुन्हा टंकायला लागला, चिठ्ठी आली, आणि ती वाचताना रेगनला हसू आवरेना. चिठ्ठीत होतं: बॅटर पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बाद.

आता गंमत बघा. हा किस्सा सांगताना रेगन कधी बॅटरचं नाव बिली जर्जेस सांगे, कधी ऑगी गॅलन. सवय लागली की लागली.

श्रोत्यांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. वॉशिंग्टनमध्ये आर्च मॅकडॉनल्ड व्हाइट हाउसजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेआड बसून अशीच समालोचनं करायचा. बाहेर फुटपाथवर माणसं जमायची. काचेतून दिसायचं की हा माणूस तारेची चिठ्ठी वाचतोय, घंटा वाजवतोय, समोर मैदान बिदान काही नाही. तरी लोक श्वास रोखून उभे! नाटकातली तलवार लाकडाची असते हे आपल्यालाही ठाऊक असतंच की.

पिट्सबर्गच्या रोझी रॉझवेलनं तर कमाल केली. १९३६ पासून तो पायरेट्सचा समालोचक. आपल्या संघाचा चेंडू कुंपणापलीकडे जायला लागला की हा ओरडायचा, "मिनी मावशी, खिडकी उघड, येतोय बघ चेंडू!" आणि लगेच काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज. बिचाऱ्या मावशीला खिडकीपर्यंत पोचायला उशीर व्हायचा, दरवेळी. तो आवाज म्हणजे खिळे, नटबोल्ट, घंट्या भरलेलं ताट. मदतनीस ते जमिनीवर आपटायचा आणि पुढच्या होम रनसाठी गुडघ्यांवर बसून सगळं गोळा करत राहायचा. माझी सहानुभूती त्याला.

आणि डिझी डीन! त्याच डीनला १९४१ पासून सेंट लुईसला समालोचक केलं. 'घसरत बेसवर', म्हणजे धावेच्या टप्प्यावर, 'गेला' याला इंग्रजीत 'स्लिड' म्हणतात, हा म्हणायचा 'स्लड'. आपल्याकडे कुणी 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणावं तसं. शाळामास्तरांनी तक्रार केली, पोरांची भाषा बिघडते म्हणून. लोकांना मात्र तो घरचा वाटायचा.

आता दुसरं टोक. रेड बार्बर.

मिसिसिपीत जन्मलेला, फ्लोरिडात वाढलेला, दाक्षिणात्य हेल. १९३४ साली सिनसिनाटीत त्यानं व्यावसायिक बेसबॉलचा पहिला सामना सांगितला. तो त्यानं जन्मात पाहिलेला पहिलाच मोठा सामना होता. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी स्पर्धेचं इंग्रजी समालोचन केलं, सबंध दिवस, एकट्यानं. मराठीत बाळ ज. पंडितांनी हे काम कुठल्या कुठे नेलं ते तुम्ही कानांनी ऐकलंय, मी काय सांगू.

बार्बर १९३५ च्या वर्ल्ड सीरीजला निघाला तेव्हा बेसबॉलचे सर्वोच्च कारभारी, कमिशनर लँडिस यांनी समालोचकांना बोलावून तंबी दिली. लँडिस मूळचे न्यायाधीश. आशय असा: तुम्ही खेळाडूंना खेळ शिकवायचा नाही, पंचांना न्याय शिकवायचा नाही. उद्या एखादा खेळाडू माझ्यापाशी येऊन माझ्या तोंडावर थुंकला, तर तो किती पावलं चालला, कसा थुंकला आणि मी काय केलं, ते सांगा. का थुंकला ते तुमचं काम नाही.

बार्बरनं हे गाठीला बांधलं. तो टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा, अंडी उकडायला बायका वापरतात ते. वाळू खाली आली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. कारण रेडिओ मधेच लावणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो. होम रन झाला की तो गप्प बसे आणि गर्दीचा आवाज आत येऊ देई. १९३९ साली लॅरी मॅकफेल या व्यवस्थापकानं न्यूयॉर्कची बंदी मोडली, तेव्हा त्यानं ब्रुकलिनला आणला तो ह्याच बार्बरला.

१९४५ साली डॉजर्सचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी त्याला एकांतात सांगितलं की मी काळा खेळाडू आणणार आहे. तोवर मोठ्या लीगमध्ये काळ्यांना मज्जाव होता आणि त्यांच्या वेगळ्या लीगचे सामने रेडिओवर क्वचितच येत. बार्बर दक्षिणेतला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, मी नोकरी सोडतो. ती म्हणाली, सोडायचीच तर आज रात्रीच सोडायला हवी असं कुठाय? आधी एक पेला घेऊ. मग तो विचार करत राहिला आणि लँडिसचं बोलणं त्याच्या उपयोगी पडलं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. बार्बरनं त्याचा चेंडू सांगितला, धाव सांगितली. काळा आहे, हे पुन्हापुन्हा उगाळलं नाही. दक्षिणी हेलातून ते ऐकताना कुणाकुणाला काय वाटलं असेल, कल्पना करा.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची ३ तारीख. वर्ल्ड सीरीजचा चौथा सामना, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड. समोर न्यूयॉर्कचाच यँकीज संघ, त्याचा पिचर बिल बेव्हन्स. त्या दिवशी त्याचा नेम वाकडातिकडा, पण ब्रुकलिनच्या एकालाही धड टोला बसेना. एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर नेणारा टोला, न देता सामना संपवला तर वर्ल्ड सीरीजमध्ये तसं करणारा तो पहिला ठरणार. आता बेसबॉलवाल्यांची एक जुनी समजूत: असं काही चालू असलं की त्याचं नाव काढायचं नाही. दृष्ट लागते! पहिला निम्मा सामना यँकीजच्या मेल ॲलननं सांगितला. त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही. मग माइक बार्बरकडे आला. त्यानं फलक वाचावा तसा आकडा वाचला: ब्रुकलिन, हिट शून्य. ॲलनच्या घशात घास अडकल्यासारखं झालं. आणि वाळू खाली आली की बार्बर पुन्हा तेच सांगे.

नववा डाव. यँकीज २, ब्रुकलिन १. दोन बाद, दोघे बेसवर. कुकी लॅव्हाजेटो बदली म्हणून बॅट घेऊन आला. टोला उजवीकडच्या भिंतीवर आदळला, दोघेही धावत घरी आले, म्हणजे दोन धावा, सामना ब्रुकलिनचा ३-२.

यँकीजचे चाहते भडकले. बेव्हन्सनं त्या दिवशी दहा जणांना फुकट पहिल्या बेसवर सोडलं होतं, ते कुणी काढलं नाही. बोल लागला बार्बरला, तुझ्या तोंडानं घात केला म्हणून. मैदानापासून लांब, खोक्यात बसलेल्या माणसानं शून्य म्हटलं म्हणून चेंडू भिंतीवर जाऊन आदळला!

प्रश्न असतील तर विचारा. बेसबॉलचा नियम मात्र मी एकच सांगणार म्हटलं होतं, तो सांगून झालाय.